मधुमेह आणि वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, सातारा, फलटण या भागांतून ओझेम्पिक, मौंजारो अशा आठवड्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनबद्दल आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मधुमेहाच्या रुग्णांना आहार आणि इंजेक्शन समजावून सांगणं हे माझं काम. औषध द्यायचं की नाही आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी या गोष्टी माहीत असल्या, तर पाच मिनिटांच्या भेटीतही नेमकं विचारता येतं. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एक विषय दोन ठिकाणी आला, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे इंजेक्शन म्हणजे इन्सुलिनच ना?

नाही. सुई पोटावर टोचायची आणि पेनही तसंच दिसतं, म्हणून गैरसमज होतो. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडतात. या औषधाचा रेणू त्या संप्रेरकासारखा घडवलेला आहे, त्यामुळे शरीर त्याला आपलंच संप्रेरक समजून प्रतिसाद देतं. सेमाग्लुटाइड (ओझेम्पिक, वेगोव्ही, गोळीच्या रूपात रायबेल्सस), लिराग्लुटाइड (व्हिक्टोझा) आणि ड्युलाग्लुटाइड (ट्रुलिसिटी) ही या गटातली औषधं. तिर्झेपटाइड (मौंजारो) जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. लिराग्लुटाइड रोज घ्यावं लागतं, रायबेल्ससही रोज. बाकीची आठवड्यातून एकदा.

२. मग ते शरीरात नेमकं करतं काय?

साखर शिरेतून दिली तर स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन सोडतं, त्यापेक्षा बरंच जास्त तीच साखर तोंडाने घेतल्यावर सोडतं. हा फरक आतड्यातल्या संप्रेरकांमुळे पडतो. टाइप २ मधुमेहात हा जोर कमी झालेला असतो. औषध तो परत देतं आणि मुख्यतः रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणून एकट्या या औषधाने साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो (पण प्रश्न १४ पाहा).

दुसरं, यकृताला साखर सोडायला सांगणारं ग्लुकागॉन ते आवरतं. तिसरं, पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी होतो. कोयना धरणातून विसर्ग बेताने सोडला की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी एकदम चढत नाही, तसंच जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. चौथं काम मेंदूतलं. भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या भागांवर औषधाचा परिणाम होतो, दीड भाकरीत पोट भरल्यासारखं वाटतं आणि सतत खाण्याचे विचार मागे पडतात. अनेकजण पहिल्याच महिन्यात सांगतात की चहाबरोबर बिस्किट हवंसंच वाटलं नाही. वजन उतरतं ते मुख्यतः या चौथ्या कामामुळे. वर्षानुवर्षं “तोंडावर ताबा नाही” असं ऐकत आलेल्या माणसाला हे समजलं पाहिजे की भूक ही संप्रेरकांनी चालवलेली गोष्ट आहे. तो त्याच्या स्वभावातला दोष नाही.

३. हे संप्रेरक शरीरात आहेच, तर बाहेरून कशाला घ्यायचं?

कारण आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डीपीपी-४ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतं. सेमाग्लुटाइडच्या रेणूत असे बदल केले आहेत की ते विकर त्याला सहज तोडू शकत नाही. शिवाय रेणूला जोडलेल्या मेदाम्लाच्या साखळीमुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरत राहतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा टोचलं की पुरतं.

४. हे सरड्याच्या लाळेपासून बनवतात असं ऐकलं. आम्ही जैन आहोत, आम्हाला चालेल का?

ऐकलेल्या गोष्टीत तथ्य आहे, पण ती पहिल्या औषधाची. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन इंग या संशोधकांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जीएलपी-१ सारखं काम करणारा पदार्थ सापडला. त्यावरून एक्झेनाटाइड तयार झालं आणि २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण तेही प्रयोगशाळेत बनतं, सरड्याकडून काढत नाहीत. मूळ कंपनीचं सेमाग्लुटाइड यीस्टच्या मदतीने तयार होतं, तिर्झेपटाइड पूर्णपणे रासायनिक पद्धतीने. कुठल्याही प्राण्याचा अवयव वापरलेला नसतो. आंबवण्याच्या प्रक्रियेबद्दल घरात काही नियम असतील, तर देशी कंपनीचं औषध कसं बनतं हे औषध दुकानदारामार्फत विचारून घ्या.

५. साखर किती उतरेल? आणि वजन?

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी, साधारण १ ते २ अंकांनी उतरतं. ९.५ असेल तर ८ च्या खाली येण्याची आशा धरता येते, ७ येईलच असं नाही.

वजनाचे आकडे ऐकताना ते कोणाचे आहेत हे विचारा. मधुमेह नसलेल्यांमध्ये सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, हा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. मधुमेह असलेल्यांमध्ये त्याच डोसने सरासरी ९.६ टक्के. तिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने मधुमेह नसलेल्यांचं ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के उतरलं, मधुमेह असलेल्यांचं १४.७ टक्के. म्हणजे सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ९० किलोच्या मधुमेही माणसाने ८१ च्या आसपासची अपेक्षा ठेवली तर ती वाजवी. शेजारच्या काकूंचं १५ किलो उतरलं आणि तुमचं ७, तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

वजनकाट्यावर न दिसणारा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. आधीच हृदयविकार असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या अभ्यासात (२०२३) सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असे दोन्ही असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाच्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी घटल्या, असं २०२४ च्या अभ्यासात दिसलं.

६. माझा बीएमआय २६ आहे. मला मिळेल का?

वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६२ मीटर आणि वजन ७८ किलो असेल तर बीएमआय २९.७ येतो. फक्त वजनासाठी औषध द्यायचं तर बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत रक्तदाब, मधुमेह, झोपेतला श्वासाचा त्रास असं काही हवं, अशी मंजुरीतली अट आहे. टाइप २ मधुमेहासाठी द्यायचं असेल तर निर्णय मुख्यतः साखरेवर आणि हृदय-मूत्रपिंडाच्या धोक्यावर होतो.

आपल्याकडे मात्र एवढ्यावर भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस वरून सडसडीत दिसला तरी आत, विशेषतः पोटात, चरबी जास्त असू शकते. म्हणून भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, स्त्रियांना ८०. शर्ट शिवायला मोजतो ती टेप घ्या आणि आजच मोजा. बीएमआय २६ आणि कंबर ९८ असेल, तर इंजेक्शन लगेच मिळो न मिळो, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी लांबवू नका.

७. लग्न ठरलंय. तीन महिन्यांत सहा-सात किलो कमी करायचंय. घेऊ का?

नको. मधुमेह नाही, वजन थोडंसंच जास्त आहे, तर या औषधाचा फायदा कमी आणि त्रास तेवढाच. डोस वाढवण्यातच तीन महिने जातात (प्रश्न १०) आणि थांबवल्यावर वजन परततं (प्रश्न १९). मुलींसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट प्रश्न २० मध्ये आहे.

८. सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या? कोणी घेऊच नये?

एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या आणि लिपिड (रक्तातली चरबी) एवढं बहुतेक डॉक्टर पाहतातच. मी आग्रह धरते तो डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा. जुना मधुमेह असेल आणि पडद्यावर आधीच दोष असेल, तर साखर झपाट्याने उतरल्यावर तो दोष काही काळ वाढू शकतो. सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात हे दिसलं होतं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायला सकाळचा वेळ जातो, तेवढा काढा.

स्वतःला किंवा जवळच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग किंवा मेन-२ हा आनुवंशिक विकार असेल तर ही औषधं देत नाहीत. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, मधुमेहामुळे पोट हलण्याचा वेगच मंदावला असेल, तर आधीच सांगा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठीही नाही.

९. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. मग मला चालणारच नाही ना?

चालू शकतं. प्रश्न ८ मधला कर्करोग हा अगदी वेगळा आणि विरळ आजार आहे. थायरॉइड कमी असणं आणि त्यासाठी रोज सकाळी थायरॉक्सिन घेणं, याचा त्याच्याशी संबंध नाही.

अडचण येते ती रायबेल्ससच्या गोळीची. तीही सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपभर म्हणजे जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास चहासुद्धा नाही, दुसरी गोळीही नाही. थायरॉक्सिनचीही वेळ तीच. शिवाय या गोळीमुळे थायरॉक्सिन जास्त प्रमाणात शोषलं जातं. दोन्ही एकदम गिळू नका. काही डॉक्टर थायरॉक्सिन रात्री झोपताना देतात. काही आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, पुन्हा करून घ्या.

१०. डोस एवढा हळूहळू का वाढवतात? एकदम मोठा द्या की!

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, तिर्झेपटाइड २.५ पासून सुरू करतात आणि किमान चार आठवडे तिथेच थांबतात. हा डोस पोटाला सवय लावण्यासाठी असतो, पहिल्या महिन्यात साखर किंवा वजन फार हललं नाही तरी घाबरायचं कारण नाही. पुढे दर चार आठवड्यांनी पायरी चढता येते, पण चढलीच पाहिजे असं नाही. कमी डोसमध्ये काम होत असेल तर तिथेच राहणं उत्तम. पेनवरचे आकडे फिरवून स्वतःच डोस वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतले बरेच पुढचे दोन दिवस उलट्यांनी आडवे झाले.

११. मळमळ फार होते. सोडून देऊ का?

लगेच सोडू नका. प्रश्न ५ मधल्या २०२१ च्या अभ्यासात शंभरातल्या ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली. नुसत्या खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांतही १७ जणांना झाली होती. बहुतेकांचा त्रास डोस वाढवल्यावरच्या आठवड्यांत असतो आणि ओसरतो.

ताट निम्मं करा. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की उठा, पानात राहिलं म्हणून संपवू नका. तेलाचा तवंग असलेला रस्सा, भजी, वडा, साजूक तुपातलं गोड हे पहिल्या दोन महिन्यांत सर्वाधिक त्रास देतं, कारण तेलकट अन्न आधीच पोटात रेंगाळतं. जेवून लगेच आडवं होऊ नका. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, पालेभाजी आणि चालणं. त्यानेही नाही जमलं तर डॉक्टरांकडून इसबगोल किंवा दुसरं औषध घ्या.

उलट्या-जुलाब जोरात असतील तर पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो, आणि उन्हाळ्यात द्राक्षबागेत किंवा ऊसतोडीत काम करणाऱ्यांना हा धोका जास्त. अशा दिवशी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे फोन करून विचारा.

१२. भूकच लागत नाही. मग जेवण टाळलं तर वजन अजून लवकर उतरेल ना?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. औषध भूक कमी करतं, पण उरलेल्या भुकेत काय खायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. उतरलेल्या वजनात सगळी चरबीच नसते. पाव ते तिसरा हिस्सा, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त, स्नायूंसारख्या चरबी नसलेल्या भागाचा असतो. दिवसभर चहा, दोन बिस्किटं आणि रात्री थोडा आमटी-भात एवढ्यावर राहिलात तर काटा खाली येईल, पण जिने चढताना पाय भरून येतील, केस गळतील आणि पन्नाशीतल्या बाईला उकिडवं बसून उठणं जड जाईल.

म्हणून जेवणाची सुरुवात प्रथिनांपासून करा. आधी मटकीची उसळ, हुलग्याचं घट्ट माडगं, पिठलं, अंडं, मासा किंवा पनीर, मग भाजी, आणि शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भात. आपल्याकडे उलटं होतं, भाकरीने पोट भरतं आणि वाटीतली उसळ तशीच राहते. रोज वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं हा ढोबळ हिशेब. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट डाळीत ७-८, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत २५ च्या आसपास. सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकतं, घरात मात्र क्वचितच शिजतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही, डॉक्टरांना विचारा.

स्नायू टिकवायचे तर नुसतं सकाळचं चालणं पुरत नाही, वजन उचलावं लागतं. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, हे आठवड्यातून दोन-तीनदा. शेतात काम करणाऱ्यांना हे वेगळं करावं लागत नाही. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यांना लागतं.

आणि गुळाबद्दल. सांगलीत गुळाची पेठ, त्यामुळे हा प्रश्न हटकून येतो. गूळही रक्तात साखरच होतो. इंजेक्शन चालू आहे म्हणून गुळाचा चहा चालेल असं नाही.

१३. एकादशी, श्रावण, पर्युषण, गावची जत्रा. उपवासाच्या आठवड्यात इंजेक्शन घ्यायचं की नाही?

औषध आठवडाभर शरीरात असतं, त्यामुळे एकादशीच्या दिवशी न टोचल्याने काही बदलत नाही. ठरलेला वार मोडू नका. भूक मंद असल्यामुळे उपवास सोपा जातो, पण तहानही विसरली जाते. पाणी मोजून प्या. साबुदाण्याची खिचडी साखर चढवते, तिच्याऐवजी वरई कमी, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा बरा.

पर्युषणात निर्जळ उपवास करणाऱ्यांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी, आधीच डॉक्टरांशी बोलावं. सूर्यास्तापूर्वी जेवणं मात्र या औषधाबरोबर चांगलं जमतं, झोपताना पोट हलकं असतं.

जत्रेत मटणाचा बेत असतो आणि आग्रह मोडवत नाही. दोन फोडी आणि पातळ रस्सा वाटीभर, एवढ्यावर थांबा. पाहुणे रागावतील, पण रात्रभर ओकारीने कळवळण्यापेक्षा ते परवडलं.

१४. साखर एकदम खाली गेली तर? मी ग्लिमेपिराइडही घेतो.

नेमका इथेच धोका आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन सोबत असेल तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर बहुधा त्यांचा डोस कमी करतात. केला नसेल तर विचारा. घाम, थरथर, डोकं हलकं होणं जाणवलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते.

इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. नवं इंजेक्शन इन्सुलिनची जागा घेतंच असं नाही.

१५. माझ्या गोळीत सिटाग्लिप्टिन आहे. दोन्ही चालतील?

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या प्रश्न ३ मधल्या डीपीपी-४ ला अडवतात. म्हणजे त्याच वाटेवरचं काम. दोन्ही एकत्र घेऊन फायदा वाढत नाही, खर्च वाढतो. एकत्रित गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात सगळी नावं असतात, ते पाकीट दवाखान्यात घेऊन जा.

१६. डोस चुकला. आता?

सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, तिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत. त्यापेक्षा उशीर झाला तर तो सोडून पुढचा ठरलेल्या वारी. दोन एकदम कधीच नाही. सलग दोन-तीन चुकले तर पूर्वीच्या डोसवरून सुरू करायचं की खालून, हे डॉक्टर सांगतील.

१७. आमच्याकडे वीज जाते. पेन खराब होईल का?

न उघडलेलं औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं औषध विरघळलं तरी ते फेकायचंच. दोन-चार तास वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, फारसं बिघडत नाही.

उघडलेलं पेन ३० अंशांपर्यंत काही आठवडे बाहेर चालतं असं पत्रकात असतं. पण सांगलीत एप्रिल-मे महिन्यात घरातलं तापमानही ३० च्या खाली नसतं, त्यामुळे उन्हाळ्यात उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच ठेवा. उघडल्यावर किती दिवस चालतं हे कंपनीगणिक वेगळं असतं, पेनवर तारीख लिहून ठेवा. एसटीच्या खिडकीजवळ किंवा गाडीच्या डिकीत पेन ठेवू नका. लोणंद, फलटणकडून पालखीबरोबर चालणाऱ्यांनी इन्सुलिनसाठी मिळते ती थंड पिशवी घ्यावी, बर्फ पेनला थेट लागू देऊ नये. पिशवी रोज वागवायची नसेल तर जाताना एक डोस टोचून, पुढच्या डोसची सोय वाटेवरच्या नातेवाइकांकडे करता येते.

१८. एवढं महाग आहे. जिममधला मुलगा निम्म्या किमतीत देतो म्हणतो.

त्याच्याकडून घेऊ नका. मार्च २०२५ मध्ये तिर्झेपटाइड भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, ५ मिलिग्रॅमची ४,३७५ ला. महिन्याला चार लागतात. ऊस गेल्याशिवाय हातात पैसा न येणाऱ्या घराला हे झेपत नाही, हे मला कळतं. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनवायची मोकळीक. तेव्हा औषध दुकानात “याचंच दुसऱ्या कंपनीचं काय आहे” असं विचारा आणि पावती घ्या.

बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. पावतीशिवाय, फ्रिजशिवाय, नुसत्या कुपीत पावडर म्हणून मिळणारं काहीही अंगात टोचू नका.

१९. वजन उतरलं की बंद करायचं ना?

खरं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. बंद केल्यावर भूक परत येते. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांनी वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन पुन्हा मिळवलं, असं प्रश्न ५ मधल्या २०२१ च्या अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसलं. मधुमेहींची साखरही चढते. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब चढतो, तेव्हा आपण रुग्णाला दोष देत नाही. इथेही देऊ नये.

म्हणून सुरू करतानाच दोन वर्षांचा खर्च मनात धरा. तीन महिने घेऊन पैसे संपले म्हणून सोडण्यापेक्षा, मेटफॉर्मिनसारखी स्वस्त औषधं नीट घेणं आणि जेवण बदलणं जास्त पदरात पाडतं. काहीजण डोस कमी करत, खाण्याच्या सवयी पक्क्या करत पुढे जातात. ते डॉक्टरांच्या नजरेखाली करा. थांबवायचं ठरलं तर महिन्यातून एकदा वजन आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पाहा, म्हणजे घसरण लवकर लक्षात येईल.

२०. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) आहे, पुढे बाळाचा विचार आहे. काय काळजी घ्यायची?

सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं, तिर्झेपटाइड किमान एक महिना आधी. बऱ्याच मुलींना हे कोणी सांगत नाही: वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि “मला दिवस जाणार नाहीत” असं समजणाऱ्यांना अचानक दिवस जातात. शिवाय तिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधही वापरावा. औषध चालू असताना दिवस गेलेच तर इंजेक्शन थांबवा आणि लगेच दाखवा, घाबरून आपल्या मनाने आणखी काही करू नका.

२१. मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन आहे. सांगायची गरज आहे?

आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा, नातेवाइकांवर सोडू नका. पोट उशिरा रिकामं होत असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आदल्या दिवशी पातळ आहार द्यायचा की इंजेक्शन पुढे ढकलायचं, हे तेच ठरवतील.

२२. सासूबाई ७४ वर्षांच्या, अंगाने बारीक, साखर ३००. त्यांना सुरू करू का?

त्यांच्यासाठी हे बहुधा योग्य औषध नाही. आधीच बारीक असलेल्या वयस्कर बाईंची भूक आणि स्नायू कमी करणं धोक्याचं. साखर जास्त आणि वजन आपोआप उतरत असेल तर त्यांना इन्सुलिनची गरज असू शकते, आणि वजन का उतरतंय याचीही तपासणी व्हायला हवी. लवकर दाखवा.

२३. मुलाला टाइप १ मधुमेह आहे. यामुळे त्याचं इन्सुलिन सुटेल का?

नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जवळपास उरलेल्या नसतात आणि ही औषधं टाइप १ साठी मंजूर नाहीत. इन्सुलिन थांबवलं तर काही तासांत ते दिवसभरात जिवावर बेतू शकतं. कोणी काहीही सांगितलं तरी त्याचं इन्सुलिन चुकवू नका.

२४. कोणता त्रास झाला तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा?

वरच्या पोटात सतत, जोरात, पाठीकडे जाणारी कळ आणि उलट्या: स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. पाणीही पोटात ठरत नाही आणि लघवी फार कमी होते. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली किंवा अंधुक झाली. हे अत्यंत विरळ आहे, पण त्यासाठी तास मोजायचे नसतात. मिरजेला रात्री-अपरात्रीही तातडीचे उपचार मिळतात, सकाळची वाट पाहू नका. पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि पेन सोबत न्या.

२५. वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. दर वेळी नवी सुई वापरा, आणि पेन घरात दुसऱ्या कोणालाही देऊ नका, सुई बदलली तरी नाही. बरणी तीन चतुर्थांश भरली की तुमच्या दवाखान्यात किंवा औषध दुकानात विचारा, बरेच ठिकाणी ती घेतात. घंटागाडीत सुट्या सुया टाकू नका. तो कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात बहुतेकदा मोजेही नसतात.